अंगणवाडी आणि घर
१ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून अलग झालेल्या वाशिम जिल्ह्यात सोयाबीनच्या सोंगणीचे दिवस आले, म्हणजे आईबाप सकाळीच शेतावर जातात आणि मूल आजीच्या, थोरल्या बहिणीच्या किंवा अंगणवाडीच्या हवाली होते. तेव्हा संगोपन हे एकट्या मातेचे कर्तव्य, ही समजूत वस्तुस्थितीस धरून नाही. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने सहा वर्षांखालील बालकांसाठी अंगणवाडीमार्फत पूरक आहार, लसीकरण व शाळापूर्व शिक्षण यांची व्यवस्था केली खरी. परंतु अंगणवाडी सेविकेला मूल दिसते ते दिवसाचे काही तासच. रात्री ते किती जेवले, ताप केव्हा चढला, हे घरालाच ठाऊक. उलटपक्षी, वजनाच्या आलेखातील रेषा आडवी झाली, तर तिचा इशारा सेविका ओळखते. (आलेख दप्तरातच राहिला, तर त्याचा उपयोग फक्त दप्तरालाच!) घर आणि शाळा यांतील हे अंतर पूर्वीही ओळखले गेले होते: बालशिक्षणाचे काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीस केलेल्या कार्यात, मुले शाळेत येत नाहीत असे पाहून शाळाच त्यांच्या अंगणात नेली होती. शाळा अशी अंगणापर्यंत आली, तर घरानेही तिच्याकडे एक पाऊल टाकावे: पुढील वजनाच्या दिवशी मुलाला पोहोचवावयास येणाऱ्या आजीने पाच मिनिटे थांबून तो वजनाचा आलेख सेविकाताईंकडून अवश्य समजून घ्यावा.