कुंडलिकेच्या दोन्ही काठांना, टीजकाठावरून

स्टॉकटन-ऑन-टीज, इंग्लंड

इथल्या कौन्सिलने, म्हणजे आपल्या नगरपालिकेसारख्या संस्थेने, 2019 साली भर बाजारपेठेतलं एक अख्खं शॉपिंग सेंटर विकत घेतलं, आणि नंतर ते जमीनदोस्त केलं. कॅसलगेट हे त्याचं नाव. 1970च्या दशकात ते उभं राहिलं तेव्हा मुख्य रस्त्याच्या नदीकडच्या बाजूची जुनी घरं-दुकानं पाडावी लागली होती, आणि तेव्हापासून बाजार आणि नदी यांच्यात काँक्रीटची भिंत उभी राहिली. बाजारात आलेल्या माणसाला पन्नास वर्षं टीज नदी दिसतच नव्हती. 2022 मध्ये पाडकाम सुरू झालं. त्या जागेवरची योजना आहे बाजारापासून थेट पाण्यापर्यंत उतरत जाणाऱ्या बागेची. लंडनच्या ट्राफल्गार चौकाच्या तिप्पट एवढा तिचा आकार, आणि मध्ये आडवा येणारा हमरस्ता बागेच्या पोटाखालून जाणार.

जालन्याच्या वाचकांना हे सविस्तर सांगायचं कारण उघड आहे. आपलं शहरही नदीने दुभागलेलं आहे. इकडे गांधी चमन, मस्तगड आणि आनंदी स्वामींचं मंदिर असलेला जुना जालना. पुलापलीकडे सराफा, मामा चौक, जुन्या कागदपत्रांतलं कादराबाद, म्हणजे नवा जालना. मधून कुंडलिका वाहते. वाहते म्हणताना जीभ अडखळते, पण तिच्याकडे मी येणारच आहे. आधी इथलं ऐका.

ब्रिटनमधल्या प्रत्येक गावाच्या मुख्य बाजाररस्त्याला हाय स्ट्रीट म्हणतात. स्टॉकटनचा हाय स्ट्रीट देशातला सर्वांत रुंद, असा इथल्या लोकांचा अभिमानाचा दावा आहे. 1310 साली डरहॅमच्या बिशपने बाजार भरवण्याची सनद दिली, आणि रस्त्याच्या मधोमध आजही पाल ठोकून आठवडी बाजार भरतो. याच रस्त्यावरच्या दुकानातून जॉन वॉकर या औषधविक्रेत्याने 1827 मध्ये घासून पेटणारी काडेपेटी पहिल्यांदा विकली. त्याच्या दोन वर्षं आधी, 1825 मध्ये, स्टॉकटन-डार्लिंग्टन रेल्वे सुरू झाली आणि वाफेच्या इंजिनामागे माणसं बसून या गावात उतरली. आपल्या स्टेशनात पहिली गाडी आली ती 1900 च्या सुमारास, निजामाच्या मनमाड-सिकंदराबाद मार्गावर.

एवढा जुना बाजार मोडकळीला का आला? मोटारी वाढल्या, तशी दुकानं गावाबाहेर गेली. जवळच्या जुन्या घोडदौडीच्या मैदानावर 1980च्या दशकाअखेरीस टीसाइड पार्क नावाचं प्रचंड दुकानसंकुल झालं, गाडी लावायला फुकट जागा असलेलं. मग इंटरनेटवरची खरेदी आली. वूलवर्थ्स या साखळीची 800 हून अधिक दुकानं देशभरात एकाच हिवाळ्यात बंद झाली, 2009 च्या जानेवारीपर्यंत. स्टॉकटनमधून मार्क्स अँड स्पेन्सरचं दुकान 2018 मध्ये गेलं. 2021 मध्ये डेबनहॅम्स ही साखळीच बुडाली.

याच्या मुळाशी एक गोष्ट आहे, जी जालन्यातून चटकन लक्षात येणार नाही. हाय स्ट्रीटवरची बहुतेक मोठी दुकानं साखळी कंपन्यांची. गाळा कुणा गुंतवणूकदाराचा, दुकान लंडनहून चालणारं, आणि वरच्या मजल्यावर राहतंय कोण, तर बहुधा कुणीच नाही. दुकानावरचा मोठा कर जागेच्या भाडेमूल्यावर ठरतो, धंदा होवो न होवो. तोट्यातली शाखा बंद करायचा निर्णय घेणाऱ्याने त्या रस्त्यावर पाऊलही ठेवलेलं नसतं. संध्याकाळी साडेपाच-सहाला शटर पडली की रस्ता ओस. आपल्या सराफ्यात दुकान खाली, घर वर किंवा मागे, आणि गल्ल्यावर बसणारा माणूस तिसऱ्या-चौथ्या पिढीचा. ‘जालना सोने का पालना’ म्हणतात ते या बाजाराच्या जोरावर. मंदी आली म्हणून तो माणूस दुकान उचलून दुसऱ्या गावी जात नाही. ही आपली फार मोठी पुंजी आहे आणि तिची मोजदाद कुठल्याच विकास आराखड्यात होत नाही, याचं मला मनापासून दुःख आहे.

आता नदी. टीजच्या खोऱ्याने जगाला लोखंड पुरवलं. सिडनीचा प्रसिद्ध हार्बर ब्रिज बांधला तो शेजारच्या मिडल्सबरोच्या डॉर्मन लाँग कंपनीने. त्या कारखान्यांचं सांडपाणी नदीत आणि भरतीचा गाळ काठावर. कारखाने बंद पडले तेव्हा उरली ती पडीक जमीन. 1987 च्या सप्टेंबरात पंतप्रधान मार्गारेट थॅचर इथल्या बंद पडलेल्या हेड राइटसन फाउंड्रीच्या ओसाड जागेवर एकट्या चालत गेल्या, तो फोटो इथे अजून सगळ्यांना आठवतो. पुढे नदीवर बंधारा बांधला गेला, तो 1995 मध्ये पुरा झाला. समुद्राची भरती बंधाऱ्याशी थांबली, गावातलं पाणी बारा महिने एका पातळीला राहू लागलं. मग पादचारी पूल आले. त्यातला दुहेरी कमानीचा इन्फिनिटी पूल 2009 चा. शॉपिंग सेंटर पाडून बाग करायचं त्यानंतर कित्येक वर्षांनी ठरलं. पाणी आधी, पूल मग, बाग शेवटी. या क्रमाला तीस वर्षं लागली, आणि मला वाटतं स्टॉकटनकडून घेण्यासारखं सगळ्यात मोलाचं हेच आहे.

दुसरी घेण्यासारखी गोष्ट दुकानदारांची. कॅसलगेट पाडण्याआधी कौन्सिलने बाजारातलंच वेलिंग्टन स्क्वेअर हे दुसरं संकुलही ताब्यात घेतलं होतं, आणि कॅसलगेटमधल्या दुकानांना तिथे जागा देऊ केली. गिऱ्हाइकाची पायवाट ज्या रस्त्याला आहे त्याच रस्त्याला पर्यायी जागा. केंद्र सरकारच्या हाय स्ट्रीट निधीतून स्टॉकटनला 1 कोटी 65 लाख पौंड मिळाले, म्हणजे दीडशे कोटी रुपयांहून अधिक. तरी सगळं सुरळीत झालं असं कुणी समजू नये. 1935 सालचं ग्लोब थिएटर, जिथे बीटल्स गाऊन गेले, ते दुरुस्त करून 2021 मध्ये उघडलं, पण त्याचा खर्च पहिल्या अंदाजाच्या कित्येक पट झाला आणि करदाते संतापले.

आणि साहेबाच्या देशातल्या नद्या स्वच्छ असतात हा समज तर सोडूनच द्यावा. इथे पावसाचं पाणी आणि मैला पुष्कळ ठिकाणी एकाच नळातून जातात. पाऊस वाढला की ते मिश्रण नदीत सोडायची मुभा आहे. इंग्लंडमधल्या पाणी कंपन्या 1989 पासून खासगी आहेत, आणि 2023 या एका वर्षात हे सोडणं सगळ्या ठिकाणचं मिळून 36 लाख तास चाललं, ही सरकारी पर्यावरण खात्याचीच आकडेवारी. लोक यावर फार चिडलेले आहेत.

कुंडलिकेची गोष्ट टीजच्या उलट आहे. स्टॉकटनला नदी सुधारली तोवर बाजार खचला होता. आपला बाजार गजबजलेला आहे आणि नदी मेल्यात जमा. वर घाणेवाडीला निजामाच्या काळातला तलाव आहे, ज्याचं पाणी उताराने, पंपाशिवाय शहरात येतं. 2012-13 च्या दुष्काळात तो आटला, तेव्हा घाणेवाडी जलसंरक्षण मंचाने लोकवर्गणीतून त्यातला गाळ काढला. गावाने स्वतःचं पाणी स्वतः राखलं. पण तलावाखाली, लक्कडकोट पुलाशी किंवा राजमहल टॉकीजच्या पुलाशी उभं राहिलं तर खाली नाल्यांचं पाणी, प्लास्टिक आणि झुडपं. पुढे हेच पाणी दुधनेला मिळतं. नदीत उतरणारा प्रत्येक नाला अडवून, त्याचं पाणी शुद्ध होईपर्यंत काठावर एक बाकही टाकू नये, इतकं माझं मत आता पक्कं झालं आहे. घाण वासाच्या कडेला बाग कितीही देखणी केली तरी तिथे कोण बसणार? मोती तलावाकाठची बाग लोकांना आवडते ती समोर पाणी आहे म्हणून.

दूर जायचंही कारण नाही. साठ किलोमीटरवर छत्रपती संभाजीनगरात खाम नदीचं काम चाललं आहे. तिथे कचरा आणि नाले यांच्यापासून सुरुवात झाली.

कुंडलिकेच्या काठाला दगडी भिंती घालून तिला कालव्यासारखं बांधून टाकायचा मोह होईल. हे मुळीच करू नये. मराठवाड्याचा पाऊस चार महिन्यांतल्या मोजक्या दिवसांत कोसळतो, आणि त्या दिवशी नदीला तिची पूर्ण रुंदी लागते. ती रुंदी मोकळी करताना काठावरच्या पत्र्याच्या टपऱ्या, हातगाड्या, भाजीवाल्या बायका यांना उठवावं लागेल, हेही खरं. त्यांना शहराबाहेर पाठवलं तर धंदा बुडेल. आठवडाभराच्या कमाईवर चालणारं घर तीन किलोमीटर लांबच्या गाळ्यात जगत नाही. पर्यायी ओटे पुलाच्या तोंडाशीच, दोन्ही काठांच्या गिऱ्हाइकाला चालत येता येईल असे, आणि हलवण्याच्या आधी बांधून तयार हवेत.

इथे परवानगी लागणारं बांधकाम व्हायचं असलं की त्याची नोटीस पुष्कळदा त्या जागेवरच्या दिव्याच्या खांबाला लावतात. कुणीही कौन्सिलकडे जाऊन नकाशे बघू शकतं, लेखी हरकत घेऊ शकतं, आणि त्या हरकती निर्णयाआधी विचारात घ्याव्या लागतात. जालन्याच्या नगरपालिकेची 2023 मध्ये महानगरपालिका झाली आहे, म्हणजे मोठे आराखडे आणि मोठा निधी आज ना उद्या येणार. कुंडलिकेचा नकाशा तयार होईल तेव्हा तो एका दालनातल्या फाइलीत राहू नये. गांधी चमनला आणि मामा चौकात, दोन्ही काठांवर, तो मोठ्या अक्षरांत लागावा, मराठीत आणि उर्दूत, आणि कोणाचं दुकान कुठे जाणार हे त्यावर नाल्यांइतकंच स्पष्ट दाखवलेलं असावं.