दुबईहून कॅलगरीला निघालात? थंडीची तयारी अशी करा

दुबईत उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर, तर कॅलगरीत हिवाळ्यात कधीकधी उणे ३० च्याही खाली! मुलाबाळांना घेऊन निघालेल्यांनी एवढं लक्षात ठेवाच:

🧥 कपडे: एका जाडजूड कोटापेक्षा तीन थर बरे. आत थर्मल, मध्ये लोकर किंवा फ्लीस, वर वारा अडवणारं जॅकेट. अंगालगत सुती कपडा नको. तो घामाने ओला झाला की लवकर वाळत नाही आणि अंग गार पडतं.

👶 लहान मुलं: गाडीतल्या चाइल्ड सीटमध्ये बसवताना फुगीर जॅकेट काढा, कारण त्यावरून बांधलेला पट्टा प्रत्यक्षात सैलच राहतो. आधी पट्टा घट्ट बांधा, मग वरून पांघरूण घाला.

🚗 गाडी: ७ अंशांखाली साध्या टायरचं रबर कडक होऊन पकड कमी होते. विंटर टायर घ्याच. कडाक्याच्या थंडीत इंजिनाचा ब्लॉक हीटर रात्री प्लगला लावून ठेवा.

🏠 घर: हीटिंगमुळे हवा कोरडी पडते, ओठ फुटतात. ह्युमिडिफायर आणि व्हॅसलीन हाताशी असू द्या. बर्फ पडायचा थांबला की २४ तासांत घरालगतचा फुटपाथ साफ करावा लागतो, तसा शहराचा नियमच आहे.

🌬️ दिलासा: रॉकी पर्वतावरून येणारा ‘शिनूक’ वारा काही तासांत पारा २० अंशांनीही चढवतो.

शक्य असेल तर जुलै-ऑगस्टमध्येच पोहोचा. थंडीआधी घर लागतं आणि मुलं सप्टेंबरात नव्या वर्गासोबतच शाळा सुरू करतात. ओळखीत कुणी निघालं असेल तर ही पोस्ट त्यांना जरूर पाठवा.