नळाची तोटी आणि एक त्रैराशिक

श्रोतेहो, दाढी करितांना नळ मोकळा सोडण्याची खोड मला ३० वर्षें होती. मुलांना काटकसरीचे धडे देणाऱ्या मास्तराला स्वतःचा नळ मात्र कधीं दिसला नाहीं!

२०१६ सालीं मांजरा धरण आटलें आणि एप्रिलांत आमच्या मिरजेहून लातुरास आगगाडीनें पाणी निघालें. पहिल्या गाडीस १० वाघिणी. एकेकींत सुमारें ५० हजार लिटर पाणी. तें पाहून घरीं आलों व नळाखालीं बादली ठेविली. मिनिटास ६ लिटर पाणी भरलें. दाढीस ५ मिनिटें, म्हणजे ३० लिटर. गरज मात्र लिटरभर तांब्याची! त्रैराशिक मांडलें : दिवसास २९ लिटर नासाडी, तर वर्षास १०,५८५. अशीं ५ माणसें मिळालीं, कीं वर्षाकांठीं एका वाघिणीहून अधिक पाणी गटारांत जातें.

माझें वाचलेलें पाणी आपोआप लातुरास पोंचत नाहीं, हें खरें. पण तें कृष्णेंत राहतें, उपशाची वीज वाचते आणि सांडपाणीही तितकें घटतें. त्या दिवसापासून मी दाढीस तांब्याच घेतों. उद्यां सकाळीं आपणही नळाखालीं बादली ठेवून आपलें त्रैराशिक मांडावें, इतकीच विनंति.