कार्बन स्लरी: कण तसे ज्वलन

द्रव इंधनात किंवा पाण्यात कार्बनची बारीक पूड कालवली की कार्बन स्लरी तयार होते. फवाऱ्यातल्या थेंबातील द्रव आधी उडून जातो. उरलेल्या कणांची चिकटून गोळी बनते आणि ती सावकाश जळते.

आकार: जळण्याचा वेग ऑक्सिजन पोचण्यावर अवलंबून असल्यास गोळीचा व्यास दुप्पट होताच जळायला सुमारे चौपट वेळ लागतो. पूड फार बारीक केली तर मात्र स्लरी घट्ट होते.

सच्छिद्रता: छिद्रांमुळे कणाचा आतला पृष्ठभागही जळू शकतो.

बाष्पशील घटक: ते जास्त, तर पेट लवकर. बहरीनच्या अल्बा अ‍ॅल्युमिनिअम कारखान्यात धनाग्रांसाठी पेट्रोलियम कोक १२०० अंश सेल्सिअसच्या आसपास भाजतात. भाजताना बाष्पशील घटक निघून गेल्याने असा कोक पेटायला अवघड.

राख: पेट्रोलियम कोकमध्ये कमी; पण तिच्यातील व्हॅनेडिअममुळे तापलेले धातूचे भाग गंजतात.