वेड्या बाभळीसाठी हलकी करवत

अहिल्यानगर जिल्ह्यात पारनेर, कर्जत, जामखेडच्या जिरायत पट्ट्यात बांध साफ करायचा म्हणजे बहुतेक वेळा वेडी बाभूळ काढायची. मूळची अमेरिका खंडातली ही काटेरी जात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भारतात आणली गेली. ओसाड जमीन झाकावी, सरपण मिळावे, हा हेतू होता आणि तो गरजेपेक्षा जास्तच सफळ झाला. शेळ्यामेंढ्या शेंगा खातात, बी लेंडीतून पसरते, आणि ओढ्याचा काठ असो की पाझर तलावाची पाळ, चार पावसाळ्यांत तिथे पाय ठेवायला जागा उरत नाही. एकदा तोडलेल्या झाडाला सरळ बुंधा राहत नाही. जमिनीलगत पाच-सात फोक फुटतात, कुठे अंगठ्याएवढे, कुठे मनगटाएवढे. बॅटरीवर चालणारी चेनसॉ घ्यायला गेले की बोलणे व्होल्ट आणि पात्याच्या लांबीवर येते. या झाडीसाठी मात्र सहा ते आठ इंची पाते असलेली, दीड-दोन किलोची करवत पुरते. त्याहून मोठी घेतली तर पैसा वाया जातोच, शिवाय खांदाही भरून येतो.

कारण या कामात कापण्याला लागणारा वेळ सगळ्यात थोडा असतो. बेळक्याने फांदी दाबून धरायची, आकडीने ओढायची, काटे चुकवत फेसाटी रचायची, यातच दिवस जातो. त्यानंतर खोड राहते, आणि ते राहिले की पावसाळ्यात पुन्हा फोक येतात, कारण फुटवे जमिनीखालच्या गड्ड्यातून निघतात. तिथे कुठलीच साखळी चालत नाही. माती-मुरूम लागला की दाते काही क्षणांत बोथट होतात. तो भाग टिकाव-पहारीचाच, किंवा ऐपत असेल तर जेसीबीचा. मग सोळा इंची पाते कापणार काय? उलट दाटीत त्याचे टोक मागच्या फोकाला लागते, आणि टोकाचा वरचा भाग लागला की करवत उसळून अंगावर येते. आखूड पात्याचे टोक नजरेसमोर राहते. मात्र लहान करवत एका हाताने चालते म्हणून मोकळ्या हाताने फांदी धरण्याचा मोह होतो. बहुतेक इजा तिथेच व्हायची शक्यता. तो हात बेळक्यावरच हवा.

बॅटरीबद्दल दुकानात जरा गंमत चालते. ‘20 व्होल्ट’ आणि ‘18 व्होल्ट’ या बऱ्याचदा एकाच घडणीच्या बॅटऱ्या असतात: 3.6 व्होल्टचे पाच लिथियम सेल. पूर्ण भरल्यावरचा आकडा छापला की वीस होतात. पाहायचे ते वॉट-अवर. 18 व्होल्ट, 4 अँपिअर-अवर म्हणजे 72 वॉट-अवर. 400 वॉटचा भार धरला तर दहा-अकरा मिनिटे सलग कापणे. थोडे वाटते, पण एका फोकाला सहा सेकंद धरले तर शंभराच्या आसपास काप होतात. तेवढे काटेरी फोक ओढून रचायला माणसाला किती वेळ लागतो, हे बांधावर काम केलेल्याला सांगायला नको. दोन बॅटऱ्या असाव्यात, आणि उन्हात तापलेली बॅटरी लगेच चार्जरला लावू नये. मे महिन्यात पारा चाळिशीपार असतो, तेव्हा ती सावलीत निवू द्यावी. साखळीला तेल आपोआप सुटते की हाताने घालावे लागते, आणि साखळी व कानस तालुक्याच्या बाजारात मिळते का, हे विकत घेण्याआधी विचारावे.

पेट्रोलची करवत थांबत नाही, वीज गेली तरी चालते, हा आक्षेप खरा आहे, आणि ठेक्याने एकरभर जुनी झाडी तोडणाऱ्याने तीच घ्यावी. पण पाच-सहा किलोचे यंत्र वाकून जमिनीलगत धरायचे, पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक तेल मिसळायचे, वर्षातून दोनदा लागणाऱ्या यंत्राचे कार्बोरेटर साफ करायचे, हे बांधापुरत्या कामाला परवडत नाही. कोयता पुरे, असे म्हणणारेही बरोबर आहेत, अंगठ्याच्या जाडीपर्यंत. लवचीक बारीक फांद्या साखळीत गुंततात, तिथे कोयताच सरस. मनगटाएवढ्या चिवट लाकडावर मात्र घाव उडतो आणि काटे तोंडाशी येतात.

तिसरा आक्षेप या जिल्ह्यातच उठू शकतो. राळेगणसिद्धी आणि हिवरेबाजारने कुऱ्हाडबंदी पाळून डोंगर हिरवे केले. तिथे झाड कापायचे यंत्र स्वस्त व्हावे हे बरे का? हा प्रश्न पेट्रोलपेक्षा बॅटरीबाबत जास्त अवघड आहे. पेट्रोलची करवत शिवारभर ऐकू जाते, राखणदाराला बोलवावे लागत नाही. बॅटरीची करवत शेजारच्या वावरातही कळेल असे नाही. आंबा, चिंच, जांभूळ यांसारख्या झाडांना 1964 च्या राज्य कायद्याने परवानगी लागते, पण कायद्याच्या आधी गावाचा ठराव काम करतो. त्या ठरावात आता कुऱ्हाडीशेजारी ही करवत नावानिशी घालावी लागेल, आणि बांधावरच्या वेड्या बाभळीला तितकीच स्पष्ट सूट लिहावी लागेल.