मुसाफिराची पिशवी

तरावीहची नमाज आटोपून पुरुष मंडळी घरी परतली, तेव्हा साताऱ्यातल्या त्या घराची बाहेरची खोली पिशव्यांनी भरली होती. सांगलीला दिलेल्या लेकीनं इफ्तारला बोलावलं होतं. सकाळी निघायचं, एक रात्र राहायचं आणि दुसऱ्या दिवशी परतायचं. साताऱ्याहून निघालेला माणूस रिकाम्या हातानं जात नाही, म्हणून कंदी पेढे सर्वांत आधी आत गेले. मग जानमाज, टोप्या, मुलांचे कपडे, खजुराचा डबा. एकाच पिशवीवर घर अडलं होतं, ती म्हणजे अम्मींच्या औषधांची.

अम्मींना मधुमेह आहे, इन्सुलिन सुरू आहे. डॉक्टरांनी रोजे ठेवू नका असं बजावलेलं. तरी त्यांचा हट्ट एकच, “उद्या मी रोजा ठेवणार. नातवंडं रोज्यानं असताना मी गाडीत बसून पाणी पिऊ? बरं दिसतं का?”

रमजानमध्ये हा प्रश्न अनेक घरांत येतो. त्याचं उत्तर मात्र जुनं आहे. कुरआनच्या सूरह बकरामध्ये (आयत १८४-१८५) रोज्याचा आदेश आहे, तिथेच आजारी माणसाला आणि मुसाफिराला सवलतही आहे. सुटलेले रोजे पुढे इतर दिवसांत भरून काढायचे, त्याला कजा म्हणतात. आजार बरा होण्यासारखा नसेल, तर रोज्यामागे एका गरिबाला जेवू घालायचं, हा फिदिया. अल्लाहला तुमच्यासाठी सोपं करायचं आहे, अवघड नव्हे, असंही तिथेच सांगितलं आहे.

मुसाफिर कुणाला म्हणायचं? हनफी उलेमांपैकी अनेकजण सुमारे ७८ किलोमीटरचं अंतर धरतात, काही ९२ धरतात. सातारा-सांगली त्याहून लांब आहे. त्यामुळे गाव सोडल्यावर चार रकातींची फर्ज नमाज दोन रकातींची होते. मगरिबच्या तीन मात्र तीनच राहतात. रोज्याबाबत एक बारकावा आहे. पहाटेच्या वेळी माणूस घरीच असेल आणि नंतर निघणार असेल, तर त्या दिवसाचा रोजा त्यानं ठेवावा, असं हनफी मत आहे. म्हणून गाडी चालवणाऱ्या मुलानं जाताना रोजा ठेवायचं ठरवलं. परतीला भर दुपारी चालवायचं असल्यानं त्या दिवशीचा सोडून नंतर कजा करायचा.

हिजरी महिने चंद्रावर चालत असल्यानं रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. २०१६ साली तो जूनमध्ये सुरू झाला होता. तेव्हा सामानात छत्र्या होत्या. २०२६ मध्ये तो फेब्रुवारीच्या उत्तरार्धात आला. त्यामुळे आता पाणी जास्त आणि सांगलीहून येताना द्राक्षांसाठी डिकीत जागा मोकळी. ईदच्या शीरखुर्म्यासाठी तासगावचे बेदाणेही तिथूनच यायचे असतात.

इन्सुलिन डिकीत ठेवायचं नाही, ती तापते. थंड राहील अशा छोट्या पिशवीत घालून ते जवळच ठेवायचं. सोबत साखर तपासायचं यंत्र, बिस्किटं, ग्लुकोज. मधुमेह असूनही डॉक्टरांच्या सल्ल्यानं रोजा ठेवणाऱ्यांनी साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली, तर रोजा तिथेच सोडायचा असतो.

खजुराचा डबाही डिकीत नको. तासवड्याचा टोलनाका, कराड, पेठ नाका, आष्टा, कुठेही गाडी अडकू शकते. मगरिबला घर गाठायचं म्हणून महामार्गावर वेग वाढवणारे अनेकजण असतात. दिवसभराच्या उपाशी डोळ्यांनी ती घाई धोक्याची. वेळ झाली की गाडी सुरक्षित जागी थांबवावी आणि खजूर-पाण्यावर रोजा सोडावा. इफ्तार आपण असू त्या ठिकाणच्या सूर्यास्ताला होते. सांगलीत सूर्य साताऱ्यापेक्षा दोनेक मिनिटं आधी मावळतो, एवढं ध्यानात ठेवलं म्हणजे झालं.

राहिला अम्मींचा प्रश्न. तो थोरल्या नातीनं सोडवला. मदरशात ऐकलेली एक हदीस तिनं सांगितली. पैगंबरसाहेबांसोबत एका प्रवासात काहींचे रोजे होते, काहींचे नव्हते. दिवस कडक उन्हाचा. मुक्कामाला पोचताच रोजेदार थकून आडवे झाले. ज्यांचा रोजा नव्हता, त्यांनी तंबू ठोकले, जनावरांना पाणी पाजलं. पैगंबरसाहेब म्हणाले, आज सारं पुण्य रोजा न ठेवणारे घेऊन गेले.

अम्मी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग औषधांची पिशवी त्यांनी स्वतःच पुढे ओढली आणि सुनेला म्हणाल्या, “सहरीला तू पडून राहा थोडी. पोरांचे डबे मी भरते. आणि माझी पाण्याची बाटली पुढं ठेव, हाताशी.”