गिटारवाल्याचा लाईव्ह सेटअप: डिजिटल की ॲनालॉग? पैसे मोजण्याआधी हे ५ प्रश्न विचारा



"दादा, डिजिटल घेऊ की ॲनालॉग?" आमच्या दुकानात आठवड्यातून एकदा तरी हा प्रश्न येतोच. पूर्वी मी लगेच उत्तर द्यायचो. आता देत नाही. का, ते आधी सांगतो.

दोन वर्षांपूर्वी ऑर्केस्ट्रात वाजवणारा एक पोरगा आला. त्याच्याकडे ओव्हरड्राईव्ह, कोरस आणि डिले अशी तीन ॲनालॉग पेडल्स होती. मी म्हटलं, "हे सगळं विकून टाक, एकच मोठं मल्टीइफेक्ट घे." खरं सांगायचं तर त्या मशीनवर मला मार्जिन चांगलं होतं. त्याने हप्त्यावर घेतलं. महिन्याभरात एका लग्नाच्या संगीतात लाईट गेली. जनरेटर लागला, साऊंड परत आला, पण याचं मशीन अजून चालूच होत होतं. चालू झालं ते पहिल्या प्रीसेटवर. तोवर गाण्यातला गिटारचा तुकडा निघून गेला होता. बिदागी कापली गेली ती वेगळीच. दुसऱ्या दिवशी तो दुकानात येऊन शांतपणे म्हणाला, "दादा, तुम्ही मशीन विकलं. माझं काम काय आहे ते विचारलंच नाही."

ते वाक्य मला अजून लागतं. मशीन खराब नव्हतं, माझी विक्री खराब होती.

आधी फरक समजून घेऊ

ॲनालॉग पेडलमध्ये गिटारचा सिग्नल शेवटपर्यंत विजेच्याच रूपात राहतो. ट्रान्झिस्टर, डायोड, कपॅसिटर त्याला आकार देतात. डिजिटलमध्ये तोच सिग्नल आकड्यांत बदलतो, बऱ्याच मशीनमध्ये सेकंदाला ४८,००० वेळा. मग प्रोसेसर हिशोब करतो आणि आकड्यांचा पुन्हा आवाज होतो. यात काही मिलिसेकंद जातात. पण घाबरू नका, हवेतून आवाजाला एक मीटर यायलाच साधारण ३ मिलिसेकंद लागतात. ॲम्पपासून दोन पावलं मागे उभं राहण्याइतकाच हा उशीर.

डिलेचं उदाहरण घ्या. ॲनालॉग डिलेची चिप आग विझवणाऱ्या माणसांच्या रांगेसारखी चालते, बादली हातोहात पुढे जाते. ही कल्पना १९६९ मध्ये फिलिप्सच्या संशोधकांनी मांडली. प्रत्येक हाताला थोडं पाणी सांडतं, म्हणून प्रतिध्वनी हळूहळू मऊ आणि अंधुक होत जातो. लोकांना तोच आवडतो. पण मर्यादा आहे. बॉसच्या डीएम-२ ची मजल ३०० मिलिसेकंदांपर्यंत. १९८३ मध्ये त्याच कंपनीचं डीडी-२ हे डिजिटल डिले आलं, ते ८०० पर्यंत गेलं.

आता गणित करा. ६०,००० भागिले गाण्याचा टेम्पो, म्हणजे एका ठोक्याचे मिलिसेकंद. १२० च्या गाण्यात एक ठोका ५०० चा. डीएम-२ तिथे पोहोचतच नाही. म्हणजे इथे "कोणता आवाज उबदार" हा वादच नाही. तुमचं गाणं काय मागतंय, हा प्रश्न आहे.

ते ५ प्रश्न

१. एका कार्यक्रमात किती वेगळे आवाज लागतात?
ऑर्केस्ट्रात ४० गाणी आणि प्रत्येकाचा टोन वेगळा असेल, तर पायाने चार पेडल्स एकदम दाबणं जमणार नाही. तिथे डिजिटलचे प्रीसेट कामाला येतात. स्वतःच्या बँडमध्ये तीनच आवाज लागत असतील, तर तीन पेडल्स पुरे. नॉब समोर दिसतो, वाकून फिरवला की काम झालं.

२. स्टेजवर ॲम्प मिळतो का?
लग्नात, कॅफेत बहुतेक वेळा थेट साऊंडवाल्याच्या मिक्सरमध्ये जावं लागतं. डिस्टॉर्शन पेडल सरळ मिक्सरला लावलं की आवाज माशी घोंगावल्यासारखा येतो. कारण गिटार ॲम्पचा स्पीकर वरच्या पट्टीतला कर्कशपणा कापतो, पीएचा स्पीकर कापत नाही. डिजिटल मशीनमध्ये कॅबिनेटची नक्कल असते, म्हणून ते थेट चालतं. फक्त पुढे खरा ॲम्प असेल, तेव्हा ती नक्कल बंद करा.

३. वीज कशी आहे?
साधं ॲनालॉग ओव्हरड्राईव्ह ९ व्होल्टच्या बॅटरीवर कितीतरी तास चालतं. मोठ्या मल्टीइफेक्टला बॅटरी पुरत नाही. एक गोष्ट लक्षात ठेवा: बहुतेक पेडलमध्ये अडॅप्टरची पिन लावलेली असेल तर आतली बॅटरी तुटते. लाईट गेली की आधी पिन काढा. आणि डिजिटल, ॲनालॉग पेडल्स एकाच अडॅप्टरच्या वायरवर माळेसारखी लावली की बऱ्याचदा किरकिर ऐकू येते. वेगवेगळे आउटपुट असलेला पॉवर सप्लाय घ्या.

४. बिघडलं तर कोण दुरुस्त करणार?
जुन्या पद्धतीच्या ॲनालॉग पेडलचा स्विच, पॉट किंवा जॅक गावातला चांगला टेक्निशियन बदलून देतो. प्रोसेसरचा बोर्ड गेला तर सर्व्हिस सेंटरला पाठवा आणि वाट बघा. पण पेडलबोर्डवाल्यांनीही हुरळून जाऊ नये. सहा पेडल्स म्हणजे पाच पॅच केबल, आणि त्यातली एक कधीतरी दगा देणारच.

५. सुपारीमागे खर्च किती?
समजा ४०,००० चं मशीन घेतलं आणि तीन वर्षांनी १५,००० ला विकलं. खर्च झाला २५,०००. वर्षाला ४० सुपाऱ्या असतील, तर एका सुपारीमागे २०८ रुपये. वर्षाला सहाच असतील, तर जवळपास १,३८९ रुपये. मशीन तेच, पण पहिल्यासाठी ते धंद्याचं अवजार आहे, दुसऱ्यासाठी महागडी हौस. हौसही करा हो, फक्त हप्त्यावर नको.

मग उत्तर काय?

बहुतेक वेळा दोन्ही मिळून. यू-टू बँडचा द एज बघा. त्याचा प्रसिद्ध प्रतिध्वनी कॉर्ग एसडीडी-३००० या डिजिटल डिलेचा आणि ॲम्प मात्र व्हॉक्सचा जुना ट्यूबवाला. ज्या कामाला जे योग्य, ते त्याने वापरलं.

त्या पोराचं काय झालं? मशीन परत घ्यायची तयारी मी दाखवली, पण कामाचा हिशोब मांडल्यावर ते त्याला लागणारच होतं. मग आम्ही तीन गोष्टी केल्या. मशीनला छोटा यूपीएस जोडला. प्रीसेट गाण्यांच्या क्रमाने लावले. आणि बॅटरी घातलेलं एक ओव्हरड्राईव्ह बॅगेत ठेवलं. मशीन बंद पडलं तर गिटार त्यात, टोन कमी करून थेट मिक्सरला. आवाज फार भारी येत नाही, पण गाणं थांबत नाही. त्याचं विकलेलं पेडल मला परत मिळालं नाही, म्हणून तसंच एक माझ्या खिशातून दिलं.

दुकानदार मित्रांनो, ते माझं सगळ्यात स्वस्तातलं ट्रेनिंग होतं. आता काउंटरवर पहिला प्रश्न बजेटचा नसतो. "वाजवतोस कुठे?" हा असतो. कधीकधी उत्तर ऐकून मी म्हणतो, "आहे ते राहू दे, फक्त चांगला पॉवर सप्लाय घे." त्या दिवशी गल्ला कमी भरतो, पण तो माणूस पुढच्या वेळी मित्राला घेऊन येतो.

पुढच्या सुपारीआधी घरी एकदा मुद्दाम मेन स्विच बंद करून बघा. पुन्हा वाजायला किती सेकंद लागतात ते मोजा. तो आकडा तुम्हाला माझ्यापेक्षा खरं उत्तर देईल.